टीई ईएनटीसी: वेब, डेटा की एम्बेडेड? (३० तारखेच्या आत ठरवायचंय)

सिंगल_फेज
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बारावीपासून इथे नुसता वाचत आलोय. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) तिसऱ्या वर्षाला, म्हणजे टीईला आहे. सीजीपीए ७.४, सध्या बॅकलॉग नाही (एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दुसऱ्या झटक्यात सुटला, त्याची आठवण नको). गाव तासगाव तालुक्यात, वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शिक्षणाचं कर्ज अडीच लाख. म्हणजे पास झाल्यावर वर्षभर घरी बसून विचार करत राहायची सोय नाही.

वर्गातले निम्म्याहून जास्त जण वेबच्या मागे आहेत. मीही दोन महिने जावास्क्रिप्ट आणि रिअॅक्ट केलं. जमतं.

डेटा सायन्सचं म्हणाल तर एका क्लासवाल्यांनी कॉलेजात सेमिनार घेतला. आठ महिने, ८५ हजार, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. ३० तारखेच्या आत भरले तर १५ हजार सूट. पप्पा म्हणाले, बघू, एका गिऱ्हाइकाकडून पैसे यायचेत.

तिसरं एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या आत बसणारी छोटी चिप आणि तिचा प्रोग्रॅम. सध्या घरच्या विहिरीवरच्या पाच एचपी मोटारीसाठी मोबाईल स्टार्टर बनवतोय. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला पप्पा दोन वाजता उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. बाजारातला तयार ऑटो स्टार्टर आणला होता, तो दोन पावसाळ्यांत गेला आणि दुरुस्त करून द्यायला कुणी तयार नाही. म्हणून ईएसपी३२ (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), कॉल घ्यायला सिम८००एलचं मॉड्यूल, दोन रिले (बोर्डाने चालणारे स्विच) आणि फेज आहे का बघायला ऑप्टोकपलर, असं जमवलं. एक रिले स्टार्टच्या बटणाला समांतर, दुसरा स्टॉपच्या सिरीजमध्ये. मिस कॉल दिला की मोटार चालू, दुसरा दिला की बंद. टेबलावर बल्ब लावून महिनाभर एकदाही चुकलं नाही. विहिरीवर नेलं आणि बोंब. मोटार बंद करताना दहातल्या तीन वेळा ईएसपी रीसेट होतो. कधी कधी नुसता कॉल आला तरी रीसेट. रिलेला डायोड आहे. कोड चार वेळा वाचला. पप्पा म्हणतात कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटारीचा मोठा स्विच) सुटताना आवाज वेगळा येतोय, 'आधी आवाज ऐक'. मी म्हटलं, कोडचा आणि आवाजाचा काय संबंध.

असो, विषयांतर झालं. एम्बेडेडला पगार नाही, फ्रेशरला कुणी घेत नाही असं सगळे सिनियर सांगतात. काय करू?

टाइमपास_पाटील
रविवार, रात्री ११:५२

जागा धरून ठेवतोय. शेंगदाणे घेऊन येतो.

लातूरची_लेक
सोमवार, सकाळी ७:१५

वेबवर तू तीन वाक्यं लिहिलीस, त्यातलं एक 'जमतं'. डेटावर फी लिहिलीस, विषय काय ते लिहिलंच नाहीस. आणि मोटारीवर केवढा मोठा परिच्छेद! पुढचं वाचण्याआधी स्वतःचा धागा परत एकदा वाच.

मी वेबवाली, नऊ वर्षं झाली, आता बंगळुरात. तुझ्या शाखेचीच. वेब वाईट मुळीच नाही. पण 'सोपं आहे म्हणून वेब' असं कुणी सांगत असेल तर ऐकून ठेव. माझं पहिलं काम अँग्युलरजेएस नावाच्या वेब फ्रेमवर्कमध्ये होतं. त्यात मुरले, लोक विचारायला यायला लागले, आणि २०२१ संपताना त्याचा अधिकृत पाठिंबाच संपला. तोवर मी दुसरं शिकले होते म्हणून वाचले. टिकलं काय? एसक्यूएल, डेटाबेसशी बोलायची भाषा. ते माझ्या जन्माआधीचं आहे आणि रोज लागतं. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात कसे, हे कळलेलं टिकलं. बाकी फ्रेमवर्कं म्हणजे भाड्याची खोली.

आणि महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल. रात्री तीनला फोन वाजतो, कुठलीतरी रांग तुंबलेली असते. तुझे पप्पा विहिरीवर जातात, मी लॅपटॉपवर.

भोसरी_ते_हिंजवडी
सोमवार, सकाळी ९:०३

ताईंनी छान लिहिलंय, पण आवडीचं एवढं कौतुक बघून लिहावंसं वाटलं.

मला सर्किटं जिवापाड आवडायची. २०१४ला पास झालो, कॅम्पसला सॉफ्टवेअरची ऑफर होती ती सोडली, कोअरच, म्हणजे आपल्या शाखेचंच काम करायचं म्हणून. भोसरीत एका छोट्या कारखान्यात लागलो, महिना १२ हजार. नाव डिझाइन इंजिनिअर. काम काय, तर सोल्डरिंग, गिऱ्हाइकाकडे जाऊन बोर्ड बदलणं आणि मालकाच्या घरचा इन्व्हर्टर बघणं. तीन वर्षांत एकदाही नव्या बोर्डाचा लेआउट हातात आला नाही. शिकवणारं कुणी नव्हतं, मालक स्वतः जुनी डिझाइनं फिरवत होते. शेवटी टेस्टिंगचा कोर्स केला आणि आयटीत आलो. आता बरं चाललंय. सर्किटं रविवारीसुद्धा हातात घेत नाही.

सिनियर खोटं बोलत नाहीत. अडीच लाख कर्ज आहे म्हणतोस ना? आधी जो पगार देईल तो घे.

स्पष्टवक्ता
सोमवार, सकाळी १०:३०

कशाला एवढा काथ्याकूट? दोन-तीन वर्षांत एआय सगळा कोड लिहिणार आहे. वेब गेलं, टेस्टिंग गेलं, डेटावाले तर आधीच गेले. पोरा, रिवाइंडिंग शिक. तांब्याची तार एआयला गुंडाळता येत नाही.

(टोमणा नाही, मनापासून लिहितोय.)

चाकणकर
सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबण लागणार.

आधी मोटार. तुझे दोन वेगळे आजार आहेत आणि तू एकच समजून औषध शोधतोयस.

पहिला: कॉल आला की रीसेट. सिम८००एल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. तू त्याला ईएसपीच्याच सप्लायवरून जगवत असशील तर व्होल्टेज बसतं. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच्या मधलं वेगळं जेवण दे आणि पिनांच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेव. (ते टूजीवरच चालतं. जिओचं सिम टाकून नेटवर्क नाही म्हणत बसू नकोस.)

दुसरा: बंद करताना रीसेट. तुझा डायोड रिलेच्या डीसी कॉइलला आहे. कॉन्टॅक्टरची कॉइल एसी, तिला काय लावलंस? काही नाही. ती सुटताना जो धक्का देते तो वायरींतून आणि हवेतून तुझ्या बोर्डात शिरतो. वडील आवाज ऐक म्हणाले ते उगाच नाही. कॉइलला समांतर स्नबर (धक्का गिळणारी जोडी) लाव, शंभर ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. पण शेतीच्या स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. तिथे बाजारातला २७५ व्होल्टचा कपॅसिटर लावलास तर फटाका वाजेल. ४४० किंवा वरचा एसी रेटिंगचाच घे, नाहीतर कॉन्टॅक्टरचा तयार सर्ज सप्रेसर मिळतो तो लाव. मेन स्विच पाडून, वडिलांना शेजारी उभं करून.

आणि अंदाज करत बसू नकोस, ईएसपीलाच विचार. चालू होताना रीसेटचं कारण वाचायचं फंक्शन आहे त्यात. ब्राउनआउट (व्होल्टेज बसलं) सांगतो, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला) सांगतो. ते फोनवर एसएमएस करून घे.

आता लाइन. मी चौदा वर्षं गाड्यांच्या ईसीयूवर, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर आहे. चकचकीत काही नाही. एक किस्सा सांगतो. एका गाडीची बॅटरी चार दिवस उभी ठेवली की उतरायची. गाडी बंद केली की सगळे कंट्रोलर झोपायला हवेत, कुणीतरी झोपत नव्हता. आम्ही दोघे अकरा दिवस त्या गाडीत बसून कॅनवरचे (कंट्रोलर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात ते) मेसेज बघत होतो. लॉक करा, वीस मिनिटं थांबा, करंट बघा, परत. शेवटी सापडलं: दरवाजाच्या कंट्रोलरचा एक मेसेज दर काही मिनिटांनी सगळ्यांना उठवत होता. दुरुस्ती एका ओळीची. अकरा दिवस आणि एक ओळ. हे वाचून तुला कंटाळा आला की पुढे काय झालं विचारावंसं वाटलं, तेवढंच मला तुझ्याबद्दल जाणून घ्यायचंय.

भोसरीकर, तुमचं दुखणं खरं आहे. पण तो लाइनचा दोष कमी आणि शिकवणारं कुणी नसलेल्या जागेचा जास्त. पहिल्या नोकरीत वर बघायला कुणी आहे का, हे पगाराच्या आधी विचारावं. पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम भरपूर आहे, फक्त ते कॉलेजच्या दारात येत नाही, आपण जावं लागतं. सी भाषा पक्की हवी, म्हणजे पॉइंटर, बिट्स आणि व्होलाटाइल कशासाठी असतं ते. बरेच जण सीडॅक या सरकारी संस्थेच्या एम्बेडेड डिप्लोमातून येतात. सी-कॅटची प्रवेश परीक्षा, साधारण सहा महिने, फी तिथेही लाखाच्या घरात जाते. पण पदवी झाल्यावर. आत्ता नाही.

स्पष्टवक्ते, मागच्या महिन्यात एआयकडून टायमरचा कोड लिहून घेतला. दिसायला देखणा, पहिल्या फटक्यात कंपाइल झाला, टायमर मात्र टिकटिकेना. दुसऱ्याच चिपच्या कुळातली रजिस्टरं लिहिली होती त्याने. मला तीन मिनिटांत कळलं, कारण डेटाशीटची ती पानं मी पूर्वी झिजवलीत. नव्या पोराला दिवस गेला असता.

लातूरची_लेक
सोमवार, दुपारी २:०५

'पुढे काय झालं'वाली कसोटी आवडली. मला खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसाला गाडीच विकावीशी वाटली असती :-)

एआयबद्दल आमच्याकडचं: नव्या मुलांना पूर्वी जी छोटी कामं देत होतो, एक फॉर्म कर, एक बटण जोड, ती आता कुणाला देत नाही. म्हणजे शिडीची खालची पायरी गेलीय, आणि २०२१-२२सारखी सरसकट भरतीही आता दिसत नाही. मुलाखतीत आता आम्ही कोड लिहायला कमी सांगतो, लिहिलेला देतो आणि यात काय चुकलंय ते विचारतो. त्या मोटारीशी जे भांडण तू करतोयस ना, तेच.

शून्य_शून्य_साल
सोमवार, रात्री ९:४५

वय ६७, निवृत्त. आमच्या वेळची गंमत.

१९९८ साली पुण्यात मेनफ्रेमवर कोबोल करत होतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोन आकड्यांत लिहिलेलं, २००० आलं की ००. सगळीकडे चार आकडे करणं परवडेना, म्हणून काही ठिकाणी आम्ही असं केलं की ०० ते ४९ आलं तर २०००च्या पुढचं समजायचं, ५० ते ९९ आलं तर १९००चं. कोबोल शिकवणारे क्लास गल्लोगल्ली, ज्याला त्याला अमेरिका दिसत होती. २००१ उजाडलं आणि तीच पोरं घरी. क्लासवाल्यांनी पाटी बदलली, जावा लिहिलं. पाटी रंगवणारा पेंटर आमच्या ओळखीचा होता, त्याचं मात्र दोन्ही वेळा बरं चाललं.

कोबोल मेलं का? माझ्या निवृत्तीपर्यंत तरी नाही. मला शेवटपर्यंत कामाला ठेवलं ते कोबोलमुळे नव्हे. बँकेत दिवसअखेरीला व्याजाचा हिशेब कसा होतो आणि कुठे अडतो, हे माहीत असलेले आम्ही चारच उरलो होतो.

सिंगल_फेज, तुला मोटार जळते कशी हे माहीत आहे. वर्गात आणखी किती जणांना माहीत आहे?

मास्तर_ईएनटीसी
मंगळवार, सकाळी ६:५०

मी अशाच एका कॉलेजात शिकवतो (या मुलाच्या नव्हे). जे सेमिनारमध्ये सांगत नाहीत ते सांगतो.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे बहुतेक वेळा मुलाखतीची संधी. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलेलं असतं. तो कागद आधी मागून घे. देत नसतील तर प्रश्नच मिटला.

कॅम्पसला सरसकट भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्या शाखा बघत नाहीत. साठ टक्के, चालू बॅकलॉग नको, अॅप्टिट्यूड आणि थोडं कोडिंग. पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास, दहा वर्षांपूर्वीही जवळपास तेच होतं. त्यातही हातात येणारा आकडा वेगळा विचारावा. पण कर्ज असलेल्या मुलाने ही ऑफर खिशात असू द्यावी, यात कमीपणा नाही. रोज एक तास अॅप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर, बाकीचा वेळ मोटार. दोन्ही होतं. मुलं दिवसाचे चार तास रील बघतात, मी मोजलेत (माझ्या मुलाचे).

हल्ली दर तिसरा विद्यार्थी म्हणतो, सर, सेमीकंडक्टर. डिसेंबर २०२१मध्ये केंद्राने ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली, गुजरातेत धोलेऱ्याच्या फॅबला (चिप बनवायच्या कारखान्याला) फेब्रुवारी २०२४मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून. चांगलंच आहे. पण फॅबमध्ये रसायनं, निर्वात पंप, स्वच्छ खोल्या सांभाळणारी माणसंही लागतात, सगळेच चिप डिझाइन करत नाहीत. आणि डिझाइनचं काम बंगळुरात १९८५पासून आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली तेव्हापासून. तिकडे जायचं तर गेट देऊन एमटेक हा सरळ रस्ता. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे नोकरी धरूनही विचार करता येतो.

डेटावर इथे कुणी लिहिलं नाही म्हणून दोन शब्द. ज्याला एम-थ्री दुसऱ्यांदा द्यावा लागला त्याने डेटा सायन्स करूच नये असं नाही. पण त्यात संख्याशास्त्र असतं, हे क्लासवाले दुसऱ्या महिन्यापर्यंत सांगत नाहीत. पायथनच्या चार ओळी चालवल्या की मॉडेल तयार होतं. ते चुकतंय का, हे सांगायला प्रोबॅबिलिटी लागते. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) चांगले कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये. आधी चार आठवडे तो बघ. झोप आली तर ७० हजार वाचले.

श्टुटगार्टकर
मंगळवार, दुपारी ३:३०

चाकणकरांची गाडी वाचून आमच्या ऑफिसात दोघे हसले. कॅन ज्या बॉशने १९८६ साली लोकांपुढे आणलं, ती कंपनी आमच्या गावची. इथेही लोक मेसेज बघत गाडीत बसतात, फक्त बाहेर बर्फ असतो.

कुणीतरी 'बाहेर जा' म्हणेलच, म्हणून आधीच आकडे. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, पण आमच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना दर सेमिस्टरला १,५०० युरो. शिवाय व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात, म्हणजे दहा-बारा लाख. आणि भाषा. कोर्स इंग्रजीत मिळेल, नोकरी बऱ्याचदा जर्मन मागते. दोन वर्षं चाकणला काढून ये, जास्त शहाणपणाने येशील.

ठाण्याची_आई
मंगळवार, रात्री १०:१५

छान चर्चा. माझी मुलगी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला यातलं काहीच करायचं नाही, ग्राफिक डिझाइन म्हणते. वेगळा धागा काढू का?

टाइमपास_पाटील
मंगळवार, रात्री १०:१८

काढा ताई. शेंगदाणे संपले, पुढच्या धाग्याला फुटाणे.

सिंगल_फेज
मंगळवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. मास्तर सर, आज क्लासमध्ये जाऊन अर्ज मागितला. 'फी भरल्यावर मिळेल' म्हणाले. नंतर तीन वेळा फोन आला, तिसऱ्यांदा सूट २० हजार झाली. पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, जो माणूस तासात भाव उतरवतो त्याच्याकडून तार घ्यायची नाही.

चाकणकरदादा, रीसेटचं कारण एसएमएसने मागवलं. कॉलच्या वेळी ब्राउनआउट, तुम्ही म्हणालात तसंच. बंद करताना मात्र कधी वॉचडॉग, कधी भलतंच काहीतरी. कॉइलवर बघितलं तर ४१५च लिहिलंय. बरं झालं विचारलं, मी २७५चा कपॅसिटर मागवून ठेवला होता.

आणि हो, अकरा दिवसांच्या गोष्टीत मला पुढचं विचारायचं होतं: तो मेसेज पाठवणारा कंट्रोलर स्वतः का झोपत नव्हता?

चाकणकर
मंगळवार, रात्री ११:५०

दरवाजाची कडी लागलीय की नाही हे सांगणारा स्विच काठावर होता. त्याला वाटायचं कुणीतरी दार उघडतंय.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघ.

भोसरी_ते_हिंजवडी
बुधवार, सकाळी ८:४०

४४०चा कपॅसिटर तिकडे मिळाला नाही तर सांग. शनिवारी पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाणार आहे, सांगलीच्या गाडीत टाकतो. (हो, रविवारी हातात घेत नाही म्हणालो होतो. शनिवारचं बोललो नव्हतो.)

सिंगल_फेज
पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:१०

उशीर झाला, सबमिशन चालू होती.

कपॅसिटर मिळाला. पैसे घ्यायला भोसरीकरदादा तयार नाहीत, आता द्राक्षं पाठवणार आहे, हंगाम आला की. स्नबर लावला, सिमचा सप्लाय वेगळा केला. २६ दिवस झाले, एकही रीसेट नाही. स्नबर लावल्यावर पहिल्यांदा मोटार बंद केली तेव्हा पप्पा विहिरीच्या काठावर डोळे मिटून उभे होते. म्हणाले, आता सुटतोय नीट. मला अजूनही तो फरक ऐकू येत नाही.

क्लास लावला नाही. संख्याशास्त्राचा कोर्स तीन आठवडे बघितला. झोप आली नाही, पण उठून परत बघावासाही वाटला नाही. अॅप्टिट्यूड रोज एक तास चालू आहे, कॅम्पसला बसणार, ऑफर आली तर घेणार. चाकणकरदादांच्या ओळखीने उन्हाळ्यात पुण्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप ठरतेय, स्टायपेंड जेवणापुरता. लातूरच्या ताई, मोटार किती वाजता चालू आणि बंद झाली ते दाखवणारं छोटं पान केलंय, एसक्यूएल वापरून. रिअॅक्ट नाही वापरलं, भाड्याची खोली नको म्हटलं.

भावकीतल्या तिघांना तसाच स्टार्टर हवाय. किती पैसे घ्यायचे कळत नाही, पण त्याआधी एक अडचण आहे. काल पेटी उघडली तर आत पाल बसलेली, बरोबर स्टार्टच्या रिलेवर. वायर येते ती भोकं बुजवली तरी कुठून शिरते कळत नाही. तुम्ही लोक काय करता?

चाकणकर
शनिवार, रात्री ८:३५

वायर घेताना भोक नुसतं बुजवू नकोस, केबल ग्लँड लाव. झाकणाला रबरी गॅस्केट. वायरी पेटीच्या खालून घे, वरून नको, पाणीही येणार नाही.

शून्य_शून्य_साल
शनिवार, रात्री ८:५०

आणि दोन डांबरगोळ्या ठेव.